व्हॉल्व्हच्या पेशंटचं फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय: आधी काय करायचं, मग काय

ओपीडीत माझं टेबल दारालगत आहे. वजन, बीपी, फाईल लावणं आणि पेशंटला आत पाठवणं हे माझं काम, त्यामुळे नातेवाइकांचा पहिला प्रश्न डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात भोरकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा आईला घेऊन आला. आईचं वय ३८, लहानपणच्या र्‍हुमॅटिक तापानं मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दार, अरुंद झालेला. "सिस्टर, प्रेशर साठ होतं, आता चौसष्ट झालं. बीपीची गोळी वाढवायची ना?" गोळी मेडिकलवाल्यानं दिलेली, हातावरच्या बीपीची. ताईंचं हातावरचं बीपी होतं १००/७०.

इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते. हातावर पट्टा बांधून मोजतात ते अख्ख्या शरीराला रक्त नेणाऱ्या नळ्यांचं प्रेशर. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर लिहिलेलं असतं ते हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात जाणाऱ्या नळीचं. एक शंभर आणि दुसरं साठ, असं एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं. पहिल्याची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुसरी गल्लत क्रमाची. पुण्यातला विद्यापीठ चौक तुंबला की गाड्यांची रांग मागे औंधच्या दिशेनं लागते. मायट्रल किंवा एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झाला किंवा गळायला लागला की रक्त तसंच मागे तुंबतं, आधी डाव्या कप्प्यात, मग फुफ्फुसात. आकडा औंधच्या रांगेचा, अडचण चौकातली. लोक मात्र आकड्याच्या मागे लागतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या.

टप्पा १: दवाखान्यात जाण्याआधी फाईल लावा

साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले कागद मला रोज दिसतात. एक साधी क्लिप-फाईल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा कागद वर. त्यात हवेत:

– आजवरच्या सगळ्या इको रिपोर्टच्या प्रती, फक्त शेवटचा नाही. सीडी दिली असेल तर तीही.
– ईसीजी, छातीचा एक्सरे, हिमोग्लोबिन, किडनीचा रिपोर्ट, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड.
– आधी बलून (फुग्यानं व्हॉल्व्ह उघडणं) किंवा ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड.
– पेनिसिलिनच्या इंजेक्शनांच्या तारखा.
– चालू गोळ्यांच्या प्रत्यक्ष स्ट्रिप. "ती पांढरी छोटी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही.

सावध: ईसीजी आणि इकोची चित्रं बहुतेक वेळा उष्णतेनं छापणाऱ्या कागदावर असतात. जपून ठेवायचं म्हणून त्यांना गरम लॅमिनेशन केलं की कागद काळा पडतो. वर्षानुवर्षांचे ईसीजी असे कोळसा झालेले मी पाहिलेत. न करताही ते हळूहळू फिके होतात. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा.

फाईलमध्ये एक कोरा कागदही ठेवा आणि त्यावर त्रास लिहा. "दम लागतो का?" असं विचारलं की बहुतेक बायका "नाही" म्हणतात, कारण दम लागेल ती कामं त्यांनी कधीच सोडून दिलेली असतात. म्हणून प्रश्न उलटा विचारा: वर्षभरापूर्वी जमत होतं आणि आता सोडलंय असं काय? पर्वतीच्या १०३ पायऱ्या मागच्या वर्षी किती वेळा थांबून चढलात आणि यंदा गेलातच नाही का? हंडा कोण उचलतं? रात्री उशा किती लागतात? खोकला येऊन उठून बसावं लागतं का, थुंकीत रक्त दिसलं का, संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो का? व्हॉल्व्हचा निर्णय घेताना या कागदाला इकोच्या आकड्याइतकंच वजन असतं.

आणि कृपा करून तपासणी म्हणून पेशंटला मुद्दाम पर्वती किंवा सिंहगड चढवू नका.

टप्पा २: इकोचा रिपोर्ट नीट वाचा

रिपोर्टवर आरव्हीएसपी किंवा पीएएसपी असं लिहून एक आकडा असतो, त्यालाच सगळे "प्रेशर" म्हणतात. तो थेट मोजलेला नसतो, गणितानं काढलेला असतो. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हमधून थोडं रक्त मागे गळतं. त्या झोताचा वेग म्हणजे टीआर व्हेलॉसिटी. त्याचा वर्ग करून चारानं गुणतात आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवतात. हा अंदाज पोटातल्या मोठ्या शिरेच्या, म्हणजे आयव्हीसीच्या, जाडीवरून करतात आणि तो साधारण ३, ८ किंवा १५ धरतात.

भोरच्या ताईंचे दोन रिपोर्ट मी शेजारी ठेवले. जुन्यात टीआर व्हेलॉसिटी ३.६. वर्ग जवळपास १३, गुणिले चार ५२, अधिक ८, झाले ६०. नव्यात व्हेलॉसिटी ३.५. वर्ग १२.२५, गुणिले चार ४९, अधिक १५, झाले ६४. म्हणजे झोत जवळपास तेवढाच होता, वाढलेली होती फक्त शिरेची जाडी, कारण अंगात पाणी साठलं होतं. मुलाला वाटलं आजार वाढला. वाढलं होतं पाणी.

म्हणून दोन रिपोर्टची तुलना करताना आधी टीआर व्हेलॉसिटी बघा, बेरीज नंतर. २.८ पर्यंत सहसा चिंता नसते, ३.४ च्या वर प्रेशर वाढल्याची शक्यता दाट. पाच-सात पॉइंटांच्या चढउतारावरून झोप उडवून घेऊ नका, या पद्धतीत तेवढा फरक पडतोच. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर इको करा.

आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी शोधा. मायट्रल अरुंद असेल तर व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ: १.५ चौरस सेंटिमीटर किंवा कमी म्हणजे आता गंभीर धरतात, काही रिपोर्टांत अजून जुना १ चा निकष दिसतो. ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, आणि त्याच्या शेजारी नाडीचा वेग: नाडी ११० असताना घेतलेला ग्रेडियंट आणि ७० असताना घेतलेला एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. गळती असेल तर ईएफ, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद, आणि डाव्या कप्प्याचा आकार. चौथी टीएपीएसई, म्हणजे उजव्या कप्प्याची ताकद. १७ मिलिमीटरच्या खाली म्हणजे तो कप्पा थकलाय.

सावध: प्रेशर कमी दिसलं म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही. उजवा कप्पा थकला की त्याला जोर लावता येत नाही आणि आकडा खाली येतो. ट्रायकस्पिडची गळती फारच मोठी असली तरी हे गणित फसतं. आकडा उतरला पण पाय सुजलेत, पोट फुगलंय, भूक गेलीय, तर पेढे वाटू नका, त्याच दिवशी दाखवा.

टप्पा ३: आधी पाणी उतरवा

हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून इथे थोडं रेंगाळते. अंगात पाणी भरलेलं असताना केलेल्या इकोवरून मोठे निर्णय घेऊ नयेत. आधी लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरवायचं, मग इको.

ताईंना सकाळची टॉर्सेमाइड होती. "रोज घेते," म्हणाल्या. जरा खोदून विचारल्यावर कळलं की भोर-स्वारगेट एसटीत बसायचं असेल त्या दिवशी गोळी नाही, बाजाराच्या दिवशी नाही, लग्नाला जायचं तर नाही. श्रावणात आठवड्यातले चार दिवस कुठे ना कुठे जाणं होतंच. बाईमाणसाला रस्त्यात कुठे जायची सोय नसते हे खरं कारण आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण गोळी चुकवण्याऐवजी वेळ पुढे ढकला: प्रवास संपल्यावर, दुपारी घरी आल्यावर घ्या. असं करू का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. दुसरा डोस असेल तर चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठबस.

रोजचं वजन असं करायचं:

१. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी.
२. त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत, कडक फरशीवर. सतरंजीवर काटा ठेवला की तो खोटं बोलतो.
३. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. मोबाइलमध्ये नको, घरातल्या सगळ्यांना दिसला पाहिजे.

पाणी पूर्ण उतरल्यावरचं वजन डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यावर दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले तर फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

मीठ दिवसाला सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात, मग ताटात लोणचं, पापड, ठेचा आणि संध्याकाळी चहाबरोबर खारी. सैंधव चालतं का, हा मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. नाही. तेही मीठच आहे, रंग बदलल्यानं सोडियम जात नाही. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर स्वतःच्या मनानं मुळीच आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

सावध: गुडघे दुखतात म्हणून घेतलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक अंगात पाणी धरून ठेवते आणि किडनीवर ताण आणते. दुखण्याला काय घ्यायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

मायट्रल अरुंद असताना नाडीचा वेगही ताब्यात हवा. दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीतच रक्त त्या चिंचोळ्या दारातून खाली उतरतं. नाडी धावली की ती विश्रांती आखडते आणि फुफ्फुस भरतं. म्हणून ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं किंवा ठोके अनियमित होणं यातलं काहीही अंगावर काढू नका. नाडी मंद करायची गोळी अचानक बंद करू नका.

टप्पा ४: दुसरं कारणही आहे का?

थोडक्यात. व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून प्रेशर त्यामुळेच, असं नेहमी नसतं. वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर, बिडी, दमा, जोरात घोरून झोपेत श्वास अडकणं, पायातली गुठळी फुफ्फुसात जाणं, यानंही ते वाढतं. व्हॉल्व्हचा आजार बेताचा आणि प्रेशर फार, असं जमत नसेल तर "फुफ्फुसाच्या तपासण्या करायच्या का?" हे विचारा. डॉक्टर श्वासाची चाचणी, सीटी किंवा गुठळीसाठी फुफ्फुसाचा स्कॅन सांगतील. ही माहिती ऑपरेशनच्या आधी हातात हवी.

टप्पा ५: व्हॉल्व्हचा निर्णय

इथे दोन उलट्या चुका होतात. एक घर म्हणतं, आधी गोळ्यांनी प्रेशर खाली येऊ दे, मग ऑपरेशनचं बघू. दुसरं म्हणतं, प्रेशर इतकं वाढलंय की आता ऑपरेशन होणारच नाही. व्हॉल्व्ह गंभीर असेल तर गोळ्या तात्पुरत्या आराम देतात, दार उघडत नाहीत. आणि वाढलेलं प्रेशर हे बहुतेक वेळा उशीर न करण्याचं कारण असतं. विश्रांतीत ५० च्या वर गेलेलं प्रेशर, पेशंटला फारसा त्रास नसला तरी, डॉक्टर हस्तक्षेपाच्या बाजूनं मोजतात. उजवा कप्पा थकल्यावर केलेल्या ऑपरेशनची जोखीम जास्त.

मायट्रल अरुंद, पण पडदे लवचीक आणि गळती कमी असेल तर मांडीतून नळी घालून फुग्यानं व्हॉल्व्ह उघडतात. त्याला बीएमव्ही म्हणतात, छाती उघडावी लागत नाही. त्याआधी घशातून इको करून डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना हे बघतात, त्यासाठी साधारण सहा तास पोट रिकामं हवं. सकाळी "फक्त अर्धा कप चहा" घेतला तर तपासणी पुढे जाते. गुठळी सापडली तर रक्त पातळ करणारी गोळी काही आठवडे देऊन पुन्हा तपासतात. हताश होऊन गावी निघून जाऊ नका, परत या. पडदे कडक झाले असतील किंवा गळती मोठी असेल तर दुरुस्ती किंवा बदल. व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर दातांची तपासणी आधी उरका. किडलेल्या दातातला जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

कधी डॉक्टर राइट हार्ट कॅथ सांगतात: शिरेतून नळी नेऊन प्रेशर प्रत्यक्ष मोजायचं. रिपोर्ट आला की तीन आकडे लिहून घ्या. सरासरी प्रेशर, २० च्या वर म्हणजे वाढलेलं. वेज, म्हणजे डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज, १५ च्या वर म्हणजे तुंबणं डाव्या बाजूचं. आणि पीव्हीआर, म्हणजे फुफ्फुसाच्या नळ्यांचा अडथळा, २ वुड युनिटच्या वर म्हणजे तुंबण्याशिवाय फुफ्फुसाच्या नळ्यांमध्येही बदल झालेत. "इकोत चौसष्ट आणि कॅथमध्ये चाळीसच, म्हणजे इको चुकली," असं वाद घालणारे भेटतात. इकोचा आकडा वरचा असतो, कॅथचा सरासरी. दोन्ही बरोबर असू शकतात.

पैशांचं काम भरतीच्या आधी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्हची कामं बसतात, पण मंजुरी आधी लागते; बिल भरल्यावर पावती घेऊन आलात तर उपयोग नाही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. दोन्ही कार्डांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते घरीच बघा, निम्मे अर्ज तिथे अडकतात. योजनेत नसलात तर धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

मूल हवं असेल तर हे सगळं त्याआधी. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद व्हॉल्व्हला ते पेलत नाही. दिवस गेल्यावर पहिल्यांदा सांगायला येणाऱ्या मुली बघितल्या की पोटात गोळा येतो. सासूबाईंना काय सांगायचं ते डॉक्टर सांगतील, तुम्ही फक्त वेळेत या.

टप्पा ६: "प्रेशरची खास गोळी" स्वतःहून नको

सिल्डेनाफिल फुफ्फुसाच्या नळ्या रुंद करते, आणि काही वेगळ्या प्रकारच्या आजारात ती खरोखर उपयोगी आहे. शेजारच्या कोणाला ती चालते, म्हणून आपल्यालाही लागू पडेल असं वाटतं. पुन्हा विद्यापीठ चौक आठवा. चौक तुंबलेलाच असताना औंधचा रस्ता रुंद केला तर चौकात आणखी गाड्या येऊन धडकतील. व्हॉल्व्ह अडलेला असताना तसंच फुफ्फुसात पाणी भरू शकतं.

व्हॉल्व्हचं काम झाल्यावरही प्रेशर राहिलेल्या २०० पेशंटवर स्पेनमध्ये एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपैकी ३३ जणांची तब्येत ढासळली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १४ जणांची.

तपासून घ्या: ही गोळी आधीपासून चालू असेल तर स्वतः बंदही करू नका. स्ट्रिप घेऊन जा आणि "ही कशासाठी?" एवढं विचारा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र कधीच नको, बीपी कोसळतं.

टप्पा ७: व्हॉल्व्हचं काम झाल्यावर

दार उघडलं की प्रेशर काही प्रमाणात लगेच उतरतं, बाकीचं महिन्यांत. पहिल्या आठवड्यात आकडा शून्यावर यायला हवा असं समजून घाबरू नका. दीड ते तीन महिन्यांनी होणारी इको पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया आहे, ती चुकवू नका. लघवीची गोळी "आता व्हॉल्व्ह झाला" म्हणून परस्पर थांबवू नका.

धातूचा व्हॉल्व्ह असेल तर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर. रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर तपासणीत कळतं. मायट्रलच्या जागी तो बहुधा २.५ ते ३.५, तुमचा नेमका आकडा फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. एसिट्रॉम आणि वॉरफरिन दोन्ही याच कामाच्या, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येत नाहीत. मेथी-पालक सोडायची गरज नाही, आठवड्याला साधारण तेवढीच खा. मार्गशीर्षात रोज आणि पौषात अजिबात नाही, असं केलं की आयएनआर नाचतो.

पुढचं काही झालं तर ओपीडी नाही, थेट १०८: बसूनही श्वास पुरत नाही, गुलाबी फेसाळ थुंकी येते, चक्कर येऊन पडले, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं. श्वास पुरत नसेल तर पेशंटला आडवं करू नका, पाठीला आधार देऊन बसवा. बेशुद्ध असेल तर मात्र कुशीवर वळवा.

भोरच्या ताईंचं पाणी तीन आठवड्यांत उतरलं. प्रवासाच्या दिवशी गोळी दुपारी, लोणचं बंद, वजन साडेचार किलोनं कमी. टीआर व्हेलॉसिटी ३.३, प्रेशर ४७. व्हॉल्व्ह मात्र तेवढाच अरुंद, त्यामुळे बलून झालाच. तीन महिन्यांच्या इकोत व्हेलॉसिटी २.९, बेरीज ३७. मुलगा फाईल उघडूनच टेबलाशी आला, गणित त्यानं बसमध्येच करून ठेवलं होतं.

"सिस्टर, आता ते कमरेतलं इंजेक्शन बंद ना?"

पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. घशातला जंतू परत आला की र्‍हुमॅटिक ताप परत येतो आणि उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा आखडायला लागतो. व्हॉल्व्हला इजा झालेल्यांना ते निदान चाळिशीपर्यंत किंवा शेवटच्या झटक्यानंतर दहा वर्षं, यातलं जे लांब असेल तोवर द्यावं लागतं, काहींना त्याहून जास्त. बलून झाला म्हणून सुटत नाही. मी त्याच्याकडून कॅलेंडरचं पान मागून घेतलं आणि पुढच्या तीन तारखांना लाल पेनानं गोल केले. त्यातली एक नेमकी एकादशीला येत होती. "त्या दिवशी आई उपास करते," तो म्हणाला. उपासाला इंजेक्शन चालतं.